श्वासाचे भान आणि प्रवरेचे खोरे : भंडारदरा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

गोषवारा

दैनंदिन जीवनात श्वासाकडे लक्ष ठेवून वर्तमान क्षणाचे भान राखणे, ही कल्पना आज 'माइंडफुलनेस' या नावाने शाळा, महाविद्यालये, रुग्णालये आणि उद्योगसंस्था यांत रूढ होत आहे. ती एकतर पाश्चात्त्य देशांतून आलेली नवी गोष्ट समजली जाते किंवा भारतात अखंड चालत आलेली प्राचीन परंपरा म्हणून तिचा गौरव केला जातो. प्रस्तुत निबंधात भंडारदरा आणि त्याच्या भोवतीचा प्रवरा-गोदावरीच्या उगमाकडील प्रदेश केंद्रस्थानी ठेवून या दोन्ही समजुती तपासल्या आहेत. या प्रदेशात श्वाससाधनेचा इतिहास दीर्घ असला तरी तो अखंड नाही. त्याला खंड पडले, त्याचे हेतू बदलले आणि त्याचा एक महत्त्वाचा प्रवाह ब्रह्मदेशातून परत आला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आनापानसती, वर्षावास, अजपा, नाथ संप्रदाय, विपश्यना, प्रवरा खोरे, भंडारदरा.

१. प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत भंडारदरा वसलेले आहे. रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी प्रवरा येथे अडविण्यात आली. धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव या धरणास देण्यात आले. उत्तरेस महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर), पश्चिमेस घाटघरचा कडा, दक्षिणेकडे हरिश्चंद्रगड आणि जलाशयाच्या टोकाशी रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, असा हा परिसर आहे. मुंबई, पुणे आणि नाशिक येथील नागरिक 'चार घटका निवांत श्वास घ्यावा' म्हणून येथे येतात. हा वाक्प्रचार सहज वापरला जातो. तथापि श्वास आणि निवांतपणा यांचा या प्रदेशातील संबंध पर्यटनापेक्षा पुष्कळ जुना आहे, याची जाणीव क्वचितच असते.

भंडारदऱ्यातून निघालेली प्रवरा अकोले आणि संगमनेर ओलांडून नेवाशास पोहोचते व पुढे गोदावरीस मिळते. याच नेवाशात शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानदेवांनी गीतेवरील भाष्य सांगितले आणि त्याच्या सहाव्या अध्यायात योगमार्गाचे विस्तृत निरूपण केले. उगमाकडील हरिश्चंद्रगडावर चांगदेवांची परंपरा आहे. सह्याद्रीच्या याच रांगेत, घोटीमार्गे पोहोचण्याच्या टप्प्यात, इगतपुरीचे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे, तर उत्तरेस नाशिकजवळ त्रिरश्मी डोंगरावरील बौद्ध लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांच्या कालखंडातील श्वाससाधनेचे भिन्न टप्पे एवढ्या लहान भूभागात एकवटलेले आहेत. म्हणूनच हा परिसर अभ्यासासाठी निवडला आहे.

२. अभ्यासाचे स्वरूप आणि मर्यादा

श्वासाचा इतिहास लिहिण्यात एक मूलभूत अडचण आहे. दान, इमारत आणि ग्रंथ यांचे पुरावे उरतात, पण एखाद्या भिक्षूने वा शेतकऱ्याने आपला श्वास किती काळ न्याहाळला याचा पुरावा उरत नाही. त्यामुळे शिलालेख, ग्रंथ, संस्था आणि शासकीय उपक्रम या उपलब्ध साधनांवरून साधनेच्या परिस्थितीचा वेध घेणे एवढेच शक्य असते. साधकाच्या अंतर्गत अनुभवाविषयी येथे कोणतेही विधान केलेले नाही.

परिभाषेचाही निर्णय आरंभीच करणे आवश्यक आहे. श्वासाशी संबंधित साधनेचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात श्वासाचे नियमन केले जाते. तो दीर्घ करणे, रोखणे, विशिष्ट प्रमाणात घेणे व सोडणे यांस प्राणायाम म्हणतात. दुसऱ्यात श्वासात कोणताही बदल न करता तो जसा आहे तसा जाणला जातो. पाली परंपरेतील आनापानसती आणि योगपरंपरेतील अजपा यांचा कल या दुसऱ्या प्रकाराकडे आहे. 'वर्तमानात राहणे' या आजच्या कल्पनेचा संबंध मुख्यतः दुसऱ्या प्रकाराशी येतो. लोकव्यवहारात मात्र दोन्हींची सरमिसळ होते आणि त्यातून बरेच गैरसमज उद्भवतात.

३. वर्षावास : निवांतपणाची आर्थिक बाजू

मज्झिमनिकायातील आनापानसती सुत्तात श्वासाच्या भानाचे सोळा टप्पे सांगितले आहेत. काया, वेदना, चित्त आणि धर्म या चार विषयांचे प्रत्येकी चार, अशी त्यांची मांडणी आहे. या सुत्ताचा प्रसंग लक्षणीय आहे. वर्षावासाच्या अखेरीस, कौमुदी पौर्णिमेच्या रात्री, श्रावस्ती येथे भिक्षुसंघ एकत्र बसलेला असताना हा उपदेश झाल्याचे त्यात म्हटले आहे. पावसाळ्यात फिरणे थांबवून एके ठिकाणी राहणे आणि श्वासाचे भान यांची सांगड अशी मूळ ग्रंथातच घातलेली आढळते. सतिपट्ठान सुत्तात हेच भान चालणे, वळणे, खाणे, वस्त्र पांघरणे, बोलणे आणि मौन राखणे अशा नित्याच्या क्रियांपर्यंत नेले आहे. दैनंदिन जीवनातील सजगता ही अलीकडची भर नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. मात्र हे दैनंदिन जीवन प्रामुख्याने भिक्षूचे होते, गृहस्थाचे नव्हे.

सह्याद्रीतील पावसाचे स्वरूप पाहता वर्षावासासाठी निवारा ही येथे चैन नव्हती, गरज होती. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील उषवदाताचा शिलालेख या दृष्टीने बहुमोल आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा हा जावई. आपल्या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने होते. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे होते. हिशेब चोख जुळतो. २,००० कार्षापणांवर वर्षाला २४० कार्षापण व्याज आणि वीस भिक्षूंना बाराप्रमाणे तेवढेच वाटप.

हा लेख ध्यानाविषयी एक शब्दही बोलत नाही. तरीही ध्यानाच्या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे. कोणीतरी निश्चिंत बसून श्वास न्याहाळावा यासाठी दुसऱ्या कोणाला माग चालवावा लागत होता, हे तो आकड्यांनी सांगतो. लेण्यातील भिक्षू प्रत्यक्षात कोणती साधना करीत, याविषयी निश्चित काही सांगता येत नाही. त्या निवांतपणाचा खर्च कोण उचलीत होते, हे मात्र सांगता येते. पुढे महाराष्ट्रातील बौद्ध लेणी ओस पडली. ग्रंथ आणि साधना यांची परंपरा सिंहल, ब्रह्मदेश, सयाम या देशांत टिकून राहिली. येथे हा धागा तुटला, ही गोष्ट 'अखंड परंपरे'चा दावा करताना विसरली जाते.

४. हरिश्चंद्रगड ते नेवासे : श्वासाची सत्ता आणि श्वासाचा त्याग

बौद्ध परंपरा क्षीण झाल्यावर या डोंगरांत शैव आणि नाथ परंपरा प्रभावी झाल्या. हरिश्चंद्रगड मुळा नदीच्या उगमप्रदेशात आहे आणि मुळा पुढे प्रवरेलाच मिळते. गडावरील हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, केदारेश्वराची गुहा आणि भोवतालची कोरीव कामे यांच्याशी चांगदेवांचे नाव निगडित आहे. 'तत्त्वसार' हा ग्रंथ चांगदेवांनी शके १२३४ (इ. स. १३१२) मध्ये या गडावर रचल्याचे मानले जाते. पुणतांबे येथील चांगदेवांच्या समाधीचा परंपरेने सांगितलेला काळ याच्याशी जुळत नाही. त्यामुळे चांगदेव नावाच्या एकाहून अधिक व्यक्ती असाव्यात, असा विचारही मांडला गेला आहे.

ऐतिहासिक चांगदेवाचा प्रश्न बाजूस ठेवला तरी लोकमानसातील चांगदेव श्वासाच्या इतिहासासाठी महत्त्वाचा ठरतो. योगबळाने मृत्यूला चुकवीत तो चौदाशे वर्षे जगला, अशी आख्यायिका आहे. श्वासावर ताबा मिळविला म्हणजे काळावर ताबा मिळतो, ही हठयोगी धारणा तिच्या मुळाशी आहे. वाघावर बसून, सापाचा चाबूक करून आलेला चांगदेव आणि भिंत चालवीत त्याला सामोरी गेलेली भावंडे ही कथा महाराष्ट्रात घराघरांत सांगितली जाते. चांगदेवाच्या कोऱ्या पत्रास उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या आणि त्या 'चांगदेव पासष्टी' म्हणून प्रसिद्ध आहेत. चौदाशे वर्षे श्वास राखूनही पत्र कोरेच राहिले, हा या कथेचा मथितार्थ आहे. श्वासाची लांबी आणि जीवनाचे भान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा निर्वाळा लोकपरंपरेने आपल्या पद्धतीने देऊन ठेवला.

ज्ञानदेवांची भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. ते स्वतः नाथपरंपरेतील होते. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांना उपदेश मिळाला. सहाव्या अध्यायात आसन, प्राणाचा निरोध आणि कुंडलिनीचे जागरण यांचे जे वर्णन येते, ते मूळ गीतेत तेवढ्या विस्ताराने नाही आणि त्याचा नाथसंकेताशी असलेला संबंध ज्ञानदेव स्वतःच सूचित करतात. ही विद्या गुरुशिष्यांच्या परंपरेत गुप्त राखली जाई. ती मराठीत, सर्वांसमक्ष उघड करणे हेच मुळात धाडस होते. परंतु बाराव्या अध्यायात तेच ज्ञानदेव अव्यक्ताच्या उपासकांचा योगमार्ग किती खडतर आहे ते सांगतात आणि भक्तीचा मार्ग सुगम ठरवितात. अठराव्या अध्यायात आपापले विहित कर्म हीच ईश्वराची पूजा असल्याचे प्रतिपादन येते. याचा अर्थ, योगाचे दार उघडून दिल्यावर त्यांनी सामान्य गृहस्थाला त्या दारातून जाण्याची सक्ती केली नाही. त्याच्या हाती नाम आणि काम दिले. वारकरी परंपरेने पुढे नामस्मरण स्वीकारले आणि प्राणायामाला गौण स्थान दिले. ही घटना श्वाससाधनेच्या पीछेहाटीची मानण्याऐवजी तिच्या रूपांतराची मानणे अधिक सयुक्तिक आहे. टाळाच्या ठेक्यावर चालत अभंग म्हणणाऱ्या दिंडीत श्वासाला लय मिळतेच, केवळ त्याकडे साधना म्हणून पाहिले जात नाही.

५. अजपा : कामात असलेल्या माणसाचा श्वास

गृहस्थासाठी श्वासाचे भान कोणत्या रूपात टिकले, याचे उत्तर अजपा या कल्पनेत मिळते. श्वास आत येताना आणि बाहेर जाताना 'सोहं' हा ध्वनी आपोआप होत असतो आणि त्याकडे केवळ लक्ष द्यावयाचे असते, असा तिचा आशय आहे. गोरक्षनाथांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथांत अहोरात्रातील श्वासांची संख्या २१,६०० दिली आहे. चोवीस तासांची १,४४० मिनिटे होतात, तेव्हा हे प्रमाण मिनिटाला पंधरा श्वास असे पडते. स्वस्थ बसलेल्या निरोगी प्रौढ व्यक्तीचे श्वसन साधारणतः मिनिटाला बारा ते वीस या दरम्यान असते. संख्येला सांकेतिक अर्थ असला तरी तिच्यामागे निरीक्षणही असावे, असे मानण्यास जागा आहे.

समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे तपाचरण केल्याची परंपरा आहे. त्यांच्या दासबोधातील सतराव्या दशकाचा पाचवा समास अजपानिरूपणाचा आहे. हा जप प्रत्येक प्राण्याच्या ठिकाणी सहज चालू आहे, जाणता तो ओळखतो आणि इतरांना त्याची दखल नसते, हे त्याचे मुख्य सूत्र. या विचारात एक मोठी सामाजिक शक्यता दडलेली आहे. अजपेला आसन लागत नाही, मुहूर्त लागत नाही, पैसा लागत नाही. जातीची आणि लिंगाची अटही तत्त्वतः उरत नाही, कारण श्वास सर्वांचाच चालू असतो. प्रत्यक्षात मात्र ही शक्यता कितपत उतरली याचे पुरावे तुटपुंजे आहेत. गुरूपदेशाची चौकट, ग्रंथवाचनाची मर्यादा आणि समाजातील विषमता यांनी तिला अडविले असणार, हे गृहीत धरावे लागते.

६. विसाव्या शतकातील दोन वाटा : ग्रंथ आणि प्रयोगशाळा

विसाव्या शतकाच्या आरंभी तुटलेले धागे पुन्हा जोडण्याचे प्रयत्न मराठी माणसांनी केले. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) बुद्धाच्या शोधात सिंहलद्वीपास आणि ब्रह्मदेशास गेले, भिक्षू झाले, पाली शिकले. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या अभ्यासात त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे घालविली. 'समाधिमार्ग' या पुस्तकातून त्यांनी बौद्ध ध्यानमार्गाची मराठी वाचकास ओळख करून दिली. आनापानसती अशा रीतीने ग्रंथरूपाने मराठीत परत आली. साधना म्हणून ती रुजण्यास आणखी काही दशके जावी लागली.

दुसरी वाट प्रयोगशाळेची होती. जगन्नाथ गणेश गुणे तथा स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. क्ष-किरणचित्रे, दाबमापन आणि श्वासातील वायूंचे विश्लेषण या साधनांनी त्यांनी यौगिक क्रियांची तपासणी आरंभिली. प्राणायामाने शरीरास पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, ही समजूत त्यांच्या मोजमापात टिकली नाही. योगाचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेनेच योगाविषयीचा लोकप्रिय समज खोडून काढावा, ही वैज्ञानिक प्रामाणिकतेची नोंद घेण्याजोगी बाब आहे. शंभर वर्षांनंतरही ती समजूत व्याख्यानांतून ऐकू येते, हे त्या तुलनेत खेदजनक म्हटले पाहिजे.

७. ब्रह्मदेशातून इगतपुरीस

साधना म्हणून आनापान या प्रदेशात परत आले ते सत्यनारायण गोयंका यांच्या द्वारे. या परतीचा पूर्वेतिहास वसाहतवादाशी जोडलेला आहे. १८८५ च्या युद्धानंतर ब्रह्मदेशाचे राज्य इंग्रजांकडे गेले. राजाश्रय नाहीसा झाल्यावर धर्म टिकावा म्हणून लेडी सयाडो (१८४६-१९२३) यांनी अभिधर्म आणि ध्यान गृहस्थांपर्यंत नेले. त्यांचे शिष्य सया थेटजी हे शेतकरी होते. त्यांचे शिष्य सयाजी ऊ बा खिन (१८९९-१९७१) हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले आणि आपल्या कचेरीतील कर्मचाऱ्यांनाही त्यांनी ध्यान शिकविले. भिक्षू, शेतकरी, सरकारी अधिकारी आणि नंतर व्यापारी अशी ही गुरुपरंपरा आहे. मठातील साधना फडावर आणि कचेरीत कशी पोहोचली, ते या चार नावांत दिसते.

मंडाले येथे १९२४ मध्ये जन्मलेले गोयंका हे उद्योजक होते. अर्धशिशीच्या असह्य त्रासामुळे ते १९५५ मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले. इगतपुरी येथील धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरे नियमित होऊ लागली. १९८५ मध्ये तेथे विपश्यना विशोधन विन्यासाची स्थापना झाली. दहा दिवसांच्या शिबिरात आरंभीचे सुमारे साडेतीन दिवस केवळ आनापानास दिले जातात. नाकपुड्यांपाशी नैसर्गिक श्वास जाणणे, त्याला आकार न देणे, त्यास कोणताही मंत्र न जोडणे, असा नियम आहे. शिबिरासाठी शुल्क आकारले जात नाही. आधी शिबिर पूर्ण केलेल्या साधकांच्या दानावर पुढील साधकांचा खर्च चालतो. उषवदाताची ठेव आणि ही दानव्यवस्था यांत अठरा-एकोणीस शतकांचे अंतर आहे, तथापि दोन्हींत प्रश्न एकच आहे : बसणाऱ्याचा भार कोणी वाहावा? येथे दाता आणि साधक एकाच वर्गातून येतो, हा महत्त्वाचा फरक होय.

याच काळात महाराष्ट्रात बौद्ध धम्माचे दुसरे, अधिक व्यापक पुनरागमन झालेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली. त्यापूर्वी १९५४ मध्ये ते रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित होते. आंबेडकरी विचारविश्वात ध्यानाविषयी एकमत नाही. काहींनी ते मनाच्या मुक्तीचे साधन म्हणून स्वीकारले, तर काहींनी अन्यायाकडे पाठ फिरवून डोळे मिटण्यास शिकविणारी प्रवृत्ती म्हणून त्यावर टीका केली. ही टीका गांभीर्याने घ्यावी लागते. दुःखाचे कारण केवळ मनात आहे असे सांगितले की व्यवस्थेतील कारणे दृष्टीआड होतात. उलटपक्षी, अन्यायाशी झगडणाऱ्या माणसालाही मनाचे स्थैर्य लागतेच. या दोन बाजूंमधील ताण सुटलेला नाही आणि तो घाईने सुटला असे मानणेही इष्ट नाही.

८. कारागृह, कचेरी आणि शाळा

१९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात शिबिर झाले. एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार कारागृहात एक हजारांहून अधिक बंदी एका शिबिरात बसले. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची सवलत दिली. पुढे 'मित्र उपक्रमा'द्वारे राज्यातील शाळांत दररोज काही मिनिटे आनापानाचा सराव सुरू करण्याचा प्रयत्न झाला. पाश्चात्त्य जगात १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताणनिवारणाचा कार्यक्रम सुरू केला आणि 'माइंडफुलनेस' हा शब्द वैद्यकाच्या परिभाषेत रुळला. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाली 'सति'साठी तो योजला होता. मूळचा 'सति' मराठीतील 'स्मृती'शी नाते सांगतो. त्याला आज आपण इंग्रजी मार्गाने 'माइंडफुलनेस' म्हणून परत घेतो, हा शब्दाचा प्रवास साधनेच्या प्रवासाइतकाच वळणावळणाचा आहे.

परिणामांच्या बाबतीत संयम आवश्यक आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात ध्यानविषयक चाचण्यांचे साकल्याने परीक्षण प्रसिद्ध झाले. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत सुधारणा होत असल्याचा मध्यम दर्जाचा पुरावा त्यात आढळला, परंतु व्यायाम वा औषधोपचार यांसारख्या अन्य उपायांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा आढळला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या शालेय चाचणीत ८४ शाळांतील आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा समावेश होता. नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा माइंडफुलनेसचे वर्ग विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी अधिक उपयुक्त ठरल्याचे तीत दिसून आले नाही. अनेक विद्यार्थ्यांनी घरी सराव केलाच नाही, हेही निदर्शनास आले. श्वासाचे भान निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. वेळापत्रकात घालून, सरसकट सर्वांना एकाच तासाला दिल्याने ते रुजत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

९. भंडारदऱ्याचा निवांतपणा कोणाचा?

या पार्श्वभूमीवर पुन्हा भंडारदऱ्याकडे पाहता येते. पर्यटकास येथे शांतता भेटते. परंतु हा प्रदेश महादेव कोळी आणि ठाकर समाजांची कर्मभूमी आहे. याच तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी सावकारी आणि इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड केले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आले. ज्या डोंगरांत आज मनःशांती शोधली जाते, त्यांनीच बंडकऱ्यांना आसरा दिला. धरणाच्या पाण्याने खालच्या अंगाचा मुलूख बागायती झाला, उगमाकडील गावांत मात्र उन्हाळी पाण्यासाठी डोईवर हंडे वाहण्याची वेळ आल्याच्या व्यथा वारंवार मांडल्या गेल्या आहेत. चढावर हंडा घेऊन निघालेल्या बाईला श्वासाचे भान कोणी शिकविण्याची गरज नसते. पाऊल आणि श्वास यांचा मेळ चुकला तर पाणी सांडते.

कळसूबाईची लोककथा येथे आठवते. कळसू ही कोळ्याची मुलगी. केरवारे आणि भांडी ही कामे करणार नाही, या अटीवर ती एका घरी कामास राहिली. एके दिवशी पाहुणे आले आणि तिला तीच कामे करण्यास भाग पाडले, तेव्हा ती घर सोडून डोंगरावर गेली आणि तेथेच राहिली. कथेचे अनेक अर्थ लावता येतात. एक अर्थ असा की, लादलेल्या कामात मन लावून राहण्यास तिने नकार दिला आणि डोंगर जवळ केला. 'जे काम आहे ते भान ठेवून करा' हा उपदेश करण्यापूर्वी ते काम कोणी, कोणावर, कोणत्या अटींवर लादले आहे, हा प्रश्न विचारणे भाग आहे. राज्यातील सर्वोच्च शिखरावरचे लहानसे देऊळ त्या प्रश्नाची आठवण देत उभे आहे.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला : प्रवरा-गोदावरीच्या उगमप्रदेशात श्वाससाधनेचा इतिहास दीर्घ आहे, परंतु तो एकसंध नाही. बौद्ध धागा येथे तुटला आणि ब्रह्मदेशातून परत आला. नाथांची योगविद्या ज्ञानदेवांनी मराठीत उघड केली आणि तिचे पर्यवसान भक्ती व कर्म यांत झाले. अखंडतेचा दावा अभिमानास सुखावतो, इतिहासास नाही.

दुसरा : 'श्वासावर सत्ता' आणि 'श्वासाचे भान' या दोन भिन्न प्रेरणा आहेत. चांगदेवाच्या कथेपासून कुवलयानंदांच्या मोजमापांपर्यंत या परंपरेने स्वतःच पहिल्या प्रेरणेची चिकित्सा केलेली आहे.

तिसरा : श्वास फुकट असला तरी त्याकडे लक्ष देण्याची सवड फुकट मिळत नाही. विणकरांच्या श्रेणींपासून धम्मगिरीच्या दानव्यवस्थेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर तिची तजवीज करावी लागली आहे.

चौथा निष्कर्ष महाविद्यालयांपुरता आहे. विद्यार्थ्यांचा ताण ही वस्तुस्थिती आहे आणि दिवसातून पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष दिल्याने काहींना निश्चित आधार मिळू शकतो. अशा उपक्रमाचे स्वागत करताना तो ऐच्छिक असावा, त्याचे फायदे पुराव्यापलीकडे सांगितले जाऊ नयेत, त्यास कोणत्याही एका पंथाचा रंग चढू नये आणि गंभीर मानसिक त्रासात असलेल्या विद्यार्थ्यास समुपदेशक व वैद्यकाकडे पाठविण्यास त्याने पर्याय होऊ नये, एवढी दक्षता घेणे अगत्याचे आहे. वसतिगृह, शुल्क, निकाल आणि नोकरी यांविषयीच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींना 'दीर्घ श्वास घ्या' हे उत्तर होऊ शकत नाही.

ज्ञानदेवांनी नेवाशात योगाचे दार उघडले, पण कोणास आत ढकलले नाही. प्रवरेच्या काठी लाभलेल्या या वारशातून शिक्षणसंस्थांनी घेण्याजोगा धडा तोच आहे.